चार घरं, एक गाडी: बेळगाव परिसरात घरच्यांची आणि मित्रांची सहल कशी आखावी

सीमाभागातली मराठी घरं विखुरलेली आहेत. थोरला बेळगावात, धाकटा पुण्यात नोकरीला, बहीण चंदगड तालुक्यात दिलेली, आत्या कोल्हापुरात, एखादा चुलत भाऊ गोव्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. सोयरिकी मात्र आधीसारख्याच हद्दीच्या दोन्ही बाजूंना होत राहिल्या. त्यामुळे आपली माणसं भेटतात ती लग्नात, वास्तुशांतीला, गावच्या महालक्ष्मी यात्रेत, नाहीतर मयताला. लग्नात यजमान पळापळीत असतो आणि पाहुणा पंगतीची वाट बघत असतो. बोलणं "कधी आलास, कधी जाणार" एवढ्यावर आटोपतं.

प्रवासाला निघालं की तसं होत नाही. तीन-तीन तास शेजारी बसावं लागतं. वाटेत भूक लागते, रस्ता चुकतो, कुणाला गाडी लागते, कुणाची चप्पल तुटते. अशा वेळी कोण काय करतं ते दिसतं आणि ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आमच्या भावकीच्या आणि मित्रांच्या सहली आखताना माझं एक मत पक्कं झालं आहे. सहलीत नातं घट्ट होतं ते ठिकाण सुंदर होतं म्हणून नाही. एकमेकांसाठी चार कामं केली आणि बोलायला मोकळा वेळ मिळाला, म्हणून होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींना जागा करून देण्यासाठी आहेत.

पायरी १: आधी माणसं ठरवा

बहुतेक जण ठिकाणापासून सुरुवात करतात. "गोकाकला जाऊया" असं ठरतं आणि मग कोण येतंय ते विचारलं जातं. धबधब्याच्या पायऱ्या उतरता न येणारी आजी तिथेच गळते. म्हणून आधी माणसांची यादी करा. पहिल्यांदाच जात असाल तर एका गाडीत मावतील एवढीच माणसं घ्या, म्हणजे बारा ते सोळा. दोन गाड्या झाल्या की दोन सहली होतात. एका गाडीतलं हसणं दुसरीला कळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकून थांबू नका. प्रत्येक घरी फोन करा, आणि घरातल्या कर्त्या माणसाबरोबर तिथल्या बाईमाणसालाही वेगळं विचारा. पुरुष "बघूया की" म्हणतात, वहिनी मात्र खरं कारण सांगते: सासूबाईंचा गुडघा, म्हशीचं दूध काढायला माणूस नाही, मुलाची परीक्षा. म्हशीचा प्रश्न खेड्यात खरोखर मोठा असतो. एका घराची जनावरं शेजारी एक दिवस बघतील अशी सोय तुम्हीच करून दिलीत, तर ते घर नक्की येतं, आणि आपल्यासाठी कुणी तरी एवढा विचार केला हे त्यांच्या मनात राहतं.

आता अवघड भाग. भावकीत बांधावरून, वाटणीवरून अबोला असतो. त्या घराला बोलवायचं का? माझं उत्तर आहे, बोलवायचं. पण समेटाची बैठक म्हणून नव्हे. दोन्ही घरांना आधीच स्वच्छ सांगायचं की सहलीत जमिनीचा विषय निघणार नाही. हे सांगणारा माणूस दोघांच्याही मानातला हवा, एखादी थोरली आत्या किंवा मामा. दिवसभर एकत्र जेवून-फिरून दोन भाऊ निदान "पाणी दे रे" एवढं बोलले तरी पुष्कळ झालं. प्रकरण कोर्टात तापलेलं असेल, शिवीगाळीपर्यंत गेलं असेल, तर मात्र त्या वर्षी दोघांना एका गाडीत घालू नका. सगळ्यांचा दिवस ताणात जातो आणि मुलं बावरतात.

पायरी २: तारीख

इथे सीमाभागाची खास अडचण आहे. बेळगावच्या शाळा, मराठी माध्यमाच्या धरून, कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतात. इकडची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या मध्याच्या आसपास लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रातली मुलं मे महिन्यात सुटतात आणि जूनच्या मध्यापर्यंत मोकळी असतात. मधली सुट्टी इकडे दसऱ्याला, तिकडे दिवाळीला. दोन्हीकडची भावंडं एकत्र हवी असतील तर मे महिना हाच सोयीचा. मेमध्ये धबधबे आटलेले असतात, पण खानापूर-चंदगडच्या रानात करवंदं, फणस आणि काजूची बोंडं असतात. दुपारनंतर वळीव येऊ शकतो, हे धरून चला.

शेती असलेल्या घरांसाठी दुसरं पंचांग. जून-जुलैत भाताची रोपलावण, नोव्हेंबर-डिसेंबरात सुगी. या काळात खानापूर भागातल्या माणसाला बोलावणं म्हणजे त्याला नकार द्यायला लावणं. लावण उरकल्यावरचा श्रावण-भाद्रपद आणि सुगी संपल्यावरचे जानेवारी-फेब्रुवारी हे दोन काळ चांगले. ऑगस्टमध्ये गोकाकला पाणीही भरपूर असतं.

टाळायचे दिवस: १ नोव्हेंबरला इकडे राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिन, त्यामुळे शहरात बंदोबस्त आणि रस्ते अडलेले असतात. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन भरलं की बेळगावातली लॉज भरून जातात. सीमेवर वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद होतात किंवा हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याजवळूनच परत फिरतात. कोल्हापूरहून पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी चौकशी करा आणि रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवा. मिरज, बेळगाव, खानापूर, लोंढा ही सगळी स्टेशनं एकाच मार्गावर आहेत.

पायरी ३: ठिकाण, आणि एका दिवसात दोनच

सकाळी किल्ला, मग देऊळ, मग धरण, मग धबधबा, येताना बाजार, असा कार्यक्रम आखू नका. एका दिवसात दोन ठिकाणं पुरेत. बेळगावहून सोयीच्या वाटा अशा.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर खानापूर तालुका सगळ्यात उत्तम. खानापूरला लागूनच मलप्रभेच्या काठावर असोगा आहे: रामलिंगेश्वराचं देऊळ, नदी, दगड, सावली. तिथून नंदगडमार्गे हलशी. बेळगावपासून हलशी साधारण चाळीस किलोमीटर. कदंब राजघराण्याची ही दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधे उभं राहिलं की एका बाजूला एक मूर्ती, दुसऱ्या बाजूला दुसरी. लहान मुलांना हे फार आवडतं. पायऱ्या थोड्या, गर्दी कमी, आवार मोठं. वाटेतल्या नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या या सरदाराला इंग्रजांनी १८३१ साली तिथेच फाशी दिलं.

तीच गोष्ट पुढे न्यायची तर कित्तूर. धारवाडच्या हमरस्त्याने पन्नासेक किलोमीटर. २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत कित्तूरकरांनी इंग्रज कलेक्टर थॅकरेला पाडलं. पडका वाडा आणि आतली न्हाणीघराची व्यवस्था मुलं बारकाईने बघतात. राणीची समाधी बैलहोंगलला आहे. तिथून पुढे सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर. कित्तूर, बैलहोंगल आणि सौंदत्ती ही तीन ठिकाणं एका दिवसात दाटीची होतात. लहान मुलं असतील तर कित्तूर-बैलहोंगल करून परत फिरा.

यल्लम्माला जाणं हा आपल्याकडे वेगळाच प्रवास. जोगुळभावीला अंघोळ, डोंगरावर नैवेद्य रांधून पडली (देवीची परडी) भरायची, "उदो गं आई उदो" म्हणत भंडारा उधळायचा. आपल्याकडच्या कित्येक घरांचा एकत्र प्रवास आजही एवढाच असतो, आणि त्यात फार मोलाचं काही आहे: सगळं घर उघड्यावर चूल मांडून एकत्र रांधतं. मात्र पौर्णिमेला, विशेषतः माघातल्या भरत पौर्णिमेला, डोंगरावर लाखांची गर्दी असते. मंगळवार-शुक्रवारीही दाटी असते. देवीचा वार पाळायचाच नसेल तर बुधवारी किंवा गुरुवारी जा. म्हाताऱ्यांना दर्शनही नीट होतं.

पाणी बघायचं तर गोकाक आणि गोडचिनमलकी. गोकाकला घटप्रभा साधारण ५२ मीटर खाली उडी घेते. जुलै ते सप्टेंबर हा तिचा काळ. झुलता पूल कधी खुला असतो, कधी बंद. त्याच्या भरवशावर मुलांना शब्द देऊ नका. गोडचिनमलकी मार्कंडेय नदीवर, टप्प्याटप्प्याने पडणारा धबधबा.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ही वाट हिरवी आणि पावसाची. तिथे जळवा असतात (मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ ठेवा), मोबाईलची रेंज मधेच जाते, आणि पावसाळ्यात जंगलातल्या धबधब्यांवर जायला वनखातं अनेकदा बंदी घालतं. आधी विचारून घ्या. बंदी मोडून आडवाटेने जाण्याचा हट्ट तरुण मुलं धरतात. तिथे मोठ्यांनी ठाम नाही म्हणायचं.

अर्धाच दिवस असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड. नाहीतर शिनोळीजवळून हद्द ओलांडून देवरवाडीचा वैजनाथ आणि त्याच्या डोक्यावरचा महिपाळगड, जिथे किल्ल्यातच गाव नांदतं आहे. चंदगडची बहीण आणि बेळगावचा भाऊ यांना हे ठिकाण मधलं पडतं. दोघांपैकी कुणालाच पाहुणा झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून मला ते फार आवडतं.

दोन दिवस काढता येत असतील तर नदी धरून जा. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते. तिथून सुरुवात करायची, असोग्याला जेवायचं, एम. के. हुबळीला हमरस्त्यावरच्या पुलाजवळ थांबून नदी बघायची, आणि दुसऱ्या दिवशी सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणावर तिचं अडवलेलं प्रचंड पाणी. सकाळी कुंडातली धार पाहिलेलं पोर दुसऱ्या दिवशी धरणाच्या कठड्यापाशी जे प्रश्न विचारतं, त्यांची उत्तरं देताना आजोबा, काका, मामा सगळेच बोलते होतात. रात्री लॉजच्या वेगवेगळ्या खोल्या घेण्यापेक्षा धर्मशाळेचा किंवा यात्री निवासाचा एक मोठा हॉल मिळतो का बघा. सगळ्यांची अंथरुणं एका ओळीत पडली की दिवे मालवल्यावर खऱ्या गप्पा सुरू होतात.

पायरी ४: गाडी

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा क्रूझर ठरवताना तीन प्रश्न आधी विचारा. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर तिथलं परमिट आहे का? टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचं जेवण भाड्यात धरलं आहे का? परतीला उशीर झाला तर वरचा दर काय? ही उत्तरं मेसेजवर घ्या, म्हणजे संध्याकाळी रस्त्यावर वाद होत नाही. ड्रायव्हरला आपल्याबरोबर पंगतीला बसवा. दिवसभर आपली सगळी माणसं त्याच्या हातात असतात.

मालवाहू टेम्पोच्या हौद्यात माणसं भरून यात्रेला जायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कितीही स्वस्त पडलं तरी ते करू नका. वळणावर गाडी कलंडली की धरायला काही नसतं.

बसने जाणार असाल तर हिशेब वेगळा. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत इथल्या रहिवासी महिलांना सरकारी साध्या बसमध्ये राज्याच्या आत तिकीट नाही. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. त्यामुळे कोल्हापूरच्या आत्याला तिकीट पडतं आणि बेळगावच्या वहिनीला पडत नाही. महाराष्ट्रात एसटीला सगळ्या महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, पण तो त्या राज्याच्या हद्दीपुरता. आधार कार्डं प्रत्येकाने आपापली जवळ ठेवायची, एकाच पिशवीत गोळा करायची नाहीत.

बसण्याची व्यवस्था मात्र बारकाईने करा, कारण सहलीतलं निम्मं बोलणं गाडीत होतं. सुरुवातीला प्रत्येक जण आपल्या घराला चिकटून बसतो. पहिल्या चहाच्या थांब्यानंतर जागा बदलायच्या, असं निघतानाच जाहीर करा: नवराबायको एका बाकावर नाहीत, सख्खी भावंडं शेजारी नाहीत. सातवीतली मुलगी आणि मोठे काका एका बाकावर आले की पहिली पंधरा मिनिटं अवघडलेली जातात. मग काका विचारतात, शाळेत काय चाललंय, ती मोबाईलमधला आपल्या नाचाचा व्हिडिओ दाखवते, आणि तासाभराने काका मागे वळून सगळ्यांना सांगत असतात, "अगं, ही काय नाचते गं, तुम्ही बघितलाय का कुणी?" घाटाच्या वळणावर मळमळणाऱ्यांना पुढची जागा, आलेपाकाची वडी आणि उघडी खिडकी द्या. त्यांची अदलाबदल करू नका.

पायरी ५: पट्टी

पैशाची बोलणी आधी, उघड आणि एकदाच. भाडं, जेवणखाण, किरकोळ खर्च आणि थोडं शिलकीत असा अंदाज धरून पट्टी ठरवा. मोठ्यांचा पूर्ण वाटा, शाळकरी मुलांचा अर्धा, म्हाताऱ्यांचा आणि तान्ह्यांचा नाही, हे गणित बहुतेकांना पटतं. हिशेब ठेवणारा एकच असावा आणि तो म्होरक्या नसावा.

प्रत्येक भावकीत एखाद्या घराची ओढाताण चालू असते. त्यांना "तुमचे राहू देत" असं चारचौघांत म्हणू नका; ते लागतं. त्यांच्याकडे असं काम द्या जे पट्टीत धरता येईल: दही त्यांच्या घरचं, शेंगा त्यांच्या शेतातल्या, त्याचे पैसे पट्टीतून वजा. मान राहतो आणि माणूस येतो. दरवर्षी जायचं ठरलं तर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकणारी भिशी सुरू करा. वहिन्यांच्या हाती दिलेली भिशी बुडत नाही, हा माझा अनुभव आहे.

पायरी ६: कामं वाटून द्या

बाकी सगळ्यात थोडी ढिलाई चालेल, इथे चालणार नाही. आपल्याकडच्या सहलीत बायका पहाटे तीनला उठून चपात्या लाटतात, भाजी परततात, डबे भरतात, आणि गाडीत बसल्या की झोपतात. ठिकाणावर वाढायचं त्यांनीच, आवरायचं त्यांनीच. संध्याकाळी पुरुष आणि मुलं ताजीतवानी, आणि बायकांना घरी गेल्यावर भांडी. ज्या सहलीत घरातली निम्मी माणसं रोजच्यापेक्षा जास्त राबतात, तिच्यातून कुणाचं नातं घट्ट व्हायचं? म्हणून खाणं असं आखा की पहाटे कुणालाही उठावं लागणार नाही.

ज्वारीची कडक भाकरी आपल्या भागाची मोठी सोय आहे. ती चार दिवस टिकते, करून विकणाऱ्या बायका आणि खानावळी जागोजाग आहेत. आदल्या दिवशी आणून ठेवा. तिच्याबरोबर शेंगाचटणी, ठेचा, कांदा, काकडी आणि वाटेत घेतलेलं दही. एवढ्यात दुपार होते. गोकाक, सौंदत्ती बाजूला खानावळीत आधी फोन केला तर भरली वांगी, झुणका, मुगाची उसळ आणि भाकरी असं पंधरा जणांचं पान तयार मिळतं. आणि हौस असेल तर छोटा गॅस न्या, आणि रांधायचं पुरुषांनी. भात आणि आमटी कुणालाही जमते. मुलांनी भाजी चिरायची, तरुण पोरांनी पाणी आणायचं. जंगलाच्या हद्दीत, भीमगड अभयारण्याच्या बाजूला, चूल किंवा विस्तव अजिबात नको.

काम दिलं की माणूस सहलीचा होतो. पुण्याहून आलेल्या मुलाकडे यादी आणि हजेरी द्या: प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायची. कन्नड बोलणाऱ्या बेळगावच्या भाचीकडे वाट विचारण्याचं काम द्या. बैलहोंगलच्या चौकात ती रिक्षावाल्याशी झरझर बोलते तेव्हा पुण्याची भावंडं तिच्याकडे नव्या नजरेने बघतात. आजोबांकडे औषधांची पिशवी. अबोल दाजींकडे फोटो, म्हणजे त्यांना सगळ्यांच्या जवळ जायला निमित्त मिळतं. कामं आधी कागदावर लिहा आणि निघताना गाडीत वाचून दाखवा.

असोग्याला नदीकाठी पाहिलेलं सांगतो. जेवणं झाली होती. एरवी मोबाईलमधून डोकं वर न काढणारा पुतण्या भांडी घासायला बसला, कारण यादीत त्याचं नाव होतं. शेजारी त्याची आत्या येऊन बसली. राख नव्हती, म्हणून तिने मूठभर वाळू घेतली आणि पातेल्याचा करपलेला बूड आधी ओला करून, मग तळहाताने गोल गोल कसा घासायचा ते दाखवलं. हात चालता चालता ती बोलायला लागली. लग्न होऊन आली त्या वर्षी याच नदीवर धुणं घेऊन यायची, आणि माहेरची आठवण आली की धुणं संपलं तरी बसून राहायची. घरी उशीर का झाला म्हणून बोलणी खायची, पण खरं कारण कधी सांगितलं नाही. पुतण्याने हात थांबवले. मागे तिचा मुलगा उभा होता, त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. तो खाली बसला आणि उरलेली ताटं त्याने ओढून घेतली.

पायरी ७: त्या दिवशी

सकाळी सहाला निघायचं असेल तर साडेपाचची वेळ सांगू नका. खरी वेळ सांगा आणि पाळा. खोटी वेळ एकदा सांगितली की पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

दुपारी जेवणानंतर निदान दोन तास काहीच ठरवू नका. सावली बघून सतरंज्या टाका. पत्ते खेळा, आडवे व्हा. याच वेळात गोष्टी निघतात. त्या निघाव्यात म्हणून थोरल्यांना साधे प्रश्न विचारा: पहिल्यांदा यल्लम्माला कशातून गेला होता, बैलगाडीतून किती दिवस लागले, शाळा कुठवर झाली आणि का सुटली, आजोबांशी लग्न कुणी जमवलं? "जुन्या काळचं काही सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. नेमकं विचारलं की तासभर बोलतात. मुलांपैकी एखाद्याने परवानगी घेऊन ते फोनवर रेकॉर्ड करावं. फोन बाकी वेळ पिशवीत.

पाण्याबाबत कडक राहा. गोकाकच्या खडकांवर शेवाळ असतं, कड्याकडे फोटोसाठी जाऊ देऊ नका. वर पाऊस झाला तर नदीचं पाणी अचानक चढतं. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस नावानिशी नेमून द्या, आणि तो मुलाचा बाप नसला तर आणखी चांगलं. काकाचं बोट धरून दिवस काढलेलं मूल पुढे काकाकडे हक्काने जातं.

रुसवेफुगवे होणारच. कुणी तरी उशीर करेल, कुणाला जेवण आवडणार नाही. म्होरक्याने तिथल्या तिथे न्याय करायला जाऊ नये. दोघांना एकेक काम देऊन वेगळ्या दिशेला पाठवा, चहा होईपर्यंत निम्मं विरतं. मोठ्याने लहानाला चारचौघांत ओरडायचं नाही, हा एक नियम मात्र सगळ्यांना लागू.

मित्रांच्या सहलीला यातलं बरंच लागू पडतं, दोन गोष्टी वेगळ्या. एक, दारू. गोव्याच्या वाटेवर चोर्ल्याला किंवा आंबोलीला जाणारे गट तिच्यापायी अडकतात. गोव्याची दारू विनापरवाना घेऊन हद्दीत येणं हा गुन्हा आहे, नाक्यावर गाड्या तपासल्या जातात, आणि पिऊन धबधब्यात उतरलेली मुलं या भागात बुडालेली आहेत. जाताना स्पष्ट ठरवा: गाडी चालवणारा घेणार नाही, पाण्याजवळ कुणीच घेणार नाही. दुसरं, शाळेतले जुने मित्र पुन्हा जमतात तेव्हा कुणाचा पगार मोठा, कुणाची शेती तोट्यात. खर्चिक रिसॉर्टपेक्षा एखाद्या मित्राच्या खानापूर तालुक्यातल्या मळ्यात रात्र काढा. तिथे सगळे एका पंगतीला येतात, आणि ज्याचा मळा त्याला यजमानपण मिळतं.

पायरी ८: परत आल्यावर

आठ दिवसांच्या आत तीन कामं उरका. हिशेब ग्रुपवर टाका, शिल्लक किती आणि कुणाकडे ते लिहा. फोटोंतले निवडक वीस-पंचवीस छापून प्रत्येक घरी द्या. म्हाताऱ्यांना फोनमधले दिसत नाहीत, भिंतीवरचे दिसतात. ज्यांची भांडी-सतरंज्या आणल्या त्या पोहोचवा, आणि पोहोचवायला शक्यतो ज्याची ओळख नव्याने झाली त्याला पाठवा.

पुढच्या वेळचा म्होरक्या दुसऱ्या घरातला असू द्या. हद्दीपलीकडच्या नातेवाइकांना एकदा यजमानपण मिळायला हवं. बेळगावकरांनी आखलेल्या वैजनाथापेक्षा चंदगडकरांनी आखलेला वैजनाथ वेगळा असतो, त्यांना जेवणाची जागा आणि वर चढायची सोपी वाट ठाऊक असते.

आणि ज्यांना येता आलं नाही त्यांना, फोटो ग्रुपवर पडायच्या आधी, फोन करा. गोकाकहून करदंट किंवा बेळगावातून कुंदा घेताना त्यांचा पुडा वेगळा बांधून घ्या. तो द्यायला मुलांना पाठवा, आणि आत्याला सांगून ठेवा की पोरांना लगेच सोडू नका, सगळी हकिकत विचारून घ्या.